चूक झाली, की हेळसांड?

"मॅडम, माझ्याकडून आईची हेळसांड झाली." महिन्यातून एकदा तरी हे वाक्य माझ्या टेबलासमोर रडत येतं. कधी आई, कधी सासरे, कधी ताप अंगावर काढलेलं मूल. शब्द मात्र तोच, आणि बहुतेकदा चुकीचा.

एका बाईंचं सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). नोकरी करून ७४ वर्षांच्या मधुमेही आईला सांभाळणाऱ्या. एका सकाळी आईला इन्शुलिन टोचलं, नाश्ता वाढणार तोच ऑफिसचा फोन आला. फोन ठेवला तेव्हा तास उलटून गेला होता. आई घामाने थबथबलेली, बोलणं असंबद्ध. मशीनवर साखरेचा आकडा ४६. सत्तरच्या खालीच धोका सुरू होतो. दवाखान्यात ग्लुकोज चढवल्यावर आई सावरली. बाई नाही सावरल्या. सुई हातात धरेनात. त्यात आत्या बोलून गेली, "तुझं लक्षच नाही आईकडे."

"जाऊ द्या, होतं असं" हे मी कधीच म्हणत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस वाचून समुपदेशनाच्या कामात आलेली मी. चुकीला चूक म्हणायचं, माणसाला चूक म्हणायचं नाही. चौथ्या भेटीत विचारलं, "आदल्या दिवशी काय केलं होतंत?"

त्यांनी पर्समधून शंभर पानी वही काढली. तारीख, उपाशीपोटी साखर, किती युनिट, तळपायाला जखम आहे का. एका पानावर हळदीचा डाग. अशा तीन वह्या घरी होत्या.

"यातला हेळसांडीचा दिवस दाखवा."

त्या पानं उलटत राहिल्या. मी मुद्दाम गप्प. मग विचारलं, "भावाच्या हातून कधी अशी चूक झाली?"

"त्याच्या हातून कशी होईल? तो काही करतच नाही!" म्हणाल्या, आणि स्वतःच दचकल्या.

खरं सांगते, मलाही तेव्हाच लख्ख दिसलं. चूक, म्हणजे क्षणाचा हलगर्जीपणा, काळजी घेणाऱ्याच्याच हातून होतो, आणि त्याला तारीख असते, वेळ असते. हेळसांडीला तारीख नसते. ती रोज थोडी थोडी साचते, आणि तिच्यात चुका सापडत नाहीत. 'दुर्लक्ष' हा एकच शब्द आपण दोन्हींना वापरतो, तिथे घोळ होतो. ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्यातही शिक्षा आहे ती टाकून देण्याच्या हेतूने आईवडिलांना सोडणाऱ्याला. आणि सांभाळाची जबाबदारी त्यात मुलगा-मुलगी दोघांवर आहे, हे भावांना जरूर वाचून दाखवावं.

म्हणून तुमचंही असं काही झालं असेल तर आधी स्वतःला तारीख विचारा. तारीख सांगता आली, तर पद्धत बदला: ताट समोर आल्याशिवाय सुई नाही, तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत. तारीखच सापडत नसेल, तर गजर लावून भागणार नाही. घरात कोण काय करतं, हे एकत्र बसून बोलावं लागेल.

दोन महिन्यांनी बाई आल्या तेव्हा वहीत नवा रकाना होता, 'खाल्लं – किती वाजता'. शेवटच्या तीन पानांवरचं अक्षर वेगळं होतं. आकडे जरा तिरपे, आणि एका ठिकाणी 'युनिट'ची स्पेलिंग चुकलेली.