हिरव्या पानाचं सोनं

प्रिय चिऊ,

काल रात्री जिन्याखालच्या पत्रपेटीत तुझी चिठ्ठी मिळाली. तू विचारलं आहेस, "आई, आपट्याचं पान हिरवं असतं, मग त्याला सोनं का म्हणतात? आणि इथे आपटा नाही, तर दसऱ्याला मेपलचं पिवळं पान दिलं तर चालेल का?" 'आपट्याचं' मधलं जोडाक्षर तू मला न विचारता लिहिलंस, म्हणून ती चिठ्ठी मी बाबांनाही दाखवली. उत्तर लांब आहे. रोज एक परिच्छेद वाच, घाई नाही.

आधी हिरव्याचं. आपण मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, म्हणून तुला शरद ऋतू म्हटलं की पिवळी-लाल झाडं आठवतात. आजीच्या गावी आश्विनात पाऊस नुकता संपलेला असतो. विहिरी भरलेल्या, ओढा वाहता, माळावर कमरेएवढं गवत. झाडांना पाणी भरपूर असतं, मग ती पानं कशाला गाळतील? तिकडची पानगळ शिशिरात सुरू होते, उन्हाळ्याच्या तोंडावर, जमिनीतलं पाणी आटायला लागल्यावर. इथे दिवस लहान झाले आणि गारठा पडला की झाडं आवरायला घेतात. म्हणून दसऱ्याच्या दिवशी तिकडे आपटा हिरवागार असतो आणि आपल्या अंगणातला मेपल पिवळा.

आता सोन्याची गोष्ट. कौत्स नावाचा मुलगा गुरूंकडे चौदा विद्या शिकला. गुरुदक्षिणा काय देऊ, असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. शेवटी गुरू रागावून म्हणाले, एका विद्येची एक कोटी, अशा १४ कोटी सुवर्णमुद्रा आण. (१४ वर सात शून्यं. पाटीवर लिहून बघ.) कौत्स रघुराजाकडे गेला, पण राजाने यज्ञात सगळं दान केलं होतं. घरात मातीची भांडी तेवढी उरलेली. तरी त्याने कौत्साला रिकाम्या हाताने पाठवलं नाही. तो कुबेरावर चालून जायला निघाला, तेव्हा कुबेराने रातोरात आपट्याच्या झाडावर सोन्याच्या मोहरांचा पाऊस पाडला. कौत्साने मोजून १४ कोटी घेतल्या. बाकीच्या घे म्हणून राजा मागे लागला, तर कौत्स म्हणाला मला एवढ्याच हव्या होत्या. राजा म्हणाला, तुझ्यासाठी आलेलं मी घेणार नाही. मग त्या मोहरा लोकांना वाटल्या. तो दिवस दसऱ्याचा, आणि तेव्हापासून आपट्याचं पान म्हणजे सोनं. आजी अशीच सांगते.

मला या गोष्टीतला सगळ्यात आवडतो तो मोजून घेणारा कौत्स. तुझ्याएवढी असताना मी आबांबरोबर सीमोल्लंघनाला जायचे. सीमोल्लंघन म्हणजे दसऱ्याच्या दुपारी गावाची शीव ओलांडायची. आम्ही माळावर जायचो. आबा आपट्याची एक लहान डहाळी घ्यायचे, झाडाला हात लावून नमस्कार करायचे आणि परत फिरायचे. घरी आलो की आजी दारातच ओवाळायची. मग मी एकेक पान सगळ्यांना द्यायचे, मोठ्यांच्या पाया पडायचे, आणि ते म्हणायचे, "सोनं घे, सोन्यासारखी राहा." त्या एका डहाळीत सगळी आळी व्हायची. आता बाजारात फांद्याच्या फांद्या तोडून ढीग लावतात, दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावर तुडवल्या जातात. त्यातही पुष्कळदा आपटा नसतोच, त्याच्या नात्यातला कांचन असतो. दोघांचंही पान दोन पाळ्या जोडल्यासारखं दिसतं. कांचनाचं मोठं, आपट्याचं लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदी जास्त. ते ढीग मला बघवत नाहीत. तू मोठी होऊन कुठेही दसरा केलास तरी एका माणसाला एकच पान दे.

म्हणून मेपलचं पान चालेल का, याला माझं उत्तर: हो, चालेल. ते आपोआप गळून पडलेलं असतं, त्यासाठी झाडाला हात लावावा लागत नाही.

आणि एक गंमत. नवरात्रात आपण दोन ठिकाणी गहू पेरले होते ना? एक घट देवापाशी, तळघराच्या जिन्याजवळच्या अंधाऱ्या कोनाड्यात. दुसरे गहू पिल्लूने दह्याच्या रिकाम्या डब्यात पेरले आणि खिडकीत ठेवले. खिडकीतले हिरवे झाले, देवापाशी आलेले पिवळे. पिल्लू रडला, की देवाचे आजारी पडले. ते आजारी नाहीत. पानाला हिरवं करणारं हरितद्रव्य गव्हाच्या कोंबात उजेड मिळाल्यावरच तयार होतं. अंधारात ते नसतं, म्हणून त्याच्याखाली झाकला जाणारा पिवळा रंग उघडा दिसतो. अंगणातल्या मेपलचंही तेच, फक्त उलट्या बाजूने. थंडी आली की झाड हरितद्रव्य मोडतं, पानातला कामाचा भाग परत आत घेतं, आणि उन्हाळाभर लपलेला पिवळा रंग वर येतो. दारावरच्या तोरणातला झेंडू पिवळा असतो तोही त्याच जातीच्या रंगामुळे. लाल रंग मात्र लपलेला नसतो. तो पान शेवटच्या दिवसांत नव्याने बनवतं, दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा असला की जास्त.

आबा घटातले ते पिवळे कोंब दसऱ्याला टोपीत खोवायचे. मी कानावर. यंदा तुला आणि पिल्लूला मी वेणीत आणि टोपीत खोवून देणार आहे.

सीमोल्लंघनाला कुठे जायचं हेही ठरवून टाकू. सप्टेंबरमध्ये आपण वाचूसेटच्या डोंगरावर, २,००६ फुटांवर, ससाणे बघायला गेलो होतो तसं लांब नको. पिल्लू त्या दिवशी फार दमला. (ते ससाणे पंख न हलवता गरम हवेवर गोल गोल चढत होते, आणि तू खडे मांडून त्यांची मोजणी केलीस, ते मी आपल्या नोंदवहीत लिहिलं आहे.) यंदा गावाच्या हद्दीची पाटी आहे तिथपर्यंत चालत जाऊ. होकायंत्र तू धर. जमलं तर ईशान्येकडून बाहेर पडू, कारण सीमोल्लंघन त्या दिशेला करतात.

सकाळी पाटीपूजन. आपण घरी शिकतो, आपला वर्ग म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. वर्षाला काय शिकवणार ते लिहून गावच्या शिक्षण खात्याकडून मंजूर करून घ्यावं लागतं, आणि त्या कागदात मी 'मराठी वाचन-लेखन' ठळक लिहिलं आहे. पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायची ते मी दाखवीन. तिच्यासमोर तुझी पुस्तकं, भिंग, दुर्बीण आणि पिल्लूचे खडू ठेवायचे. पुस्तकं पूजेला बसली की त्या दिवशी अभ्यास नाही. हा नियम मला तुझ्याएवढी असताना फार आवडायचा.

आता आजीचं काय. तू म्हणालीस आजीला मेपलचं पान पाठवू आणि तिच्याकडून आपटा मागवू. पण झाडांची पानं अशी पाकिटात घालून एका देशातून दुसऱ्या देशात पाठवायची नसतात. पानाबरोबर कीड आणि रोग येतात, आणि इथल्या झाडांना त्यांची सवय नसते. हे मी आजीला फोनवर सांगितलं, तर तिने आपट्याच्या पानावर कागद ठेवून मेणखडू घासला आणि तो ठसा पोस्टाने पाठवला. काल आला. दोन्ही पाळ्या स्वच्छ उमटल्या आहेत. खाली तिने लिहिलंय, "देठ नीट आला नाही, पुढच्या वेळी परत करते."

तिला आपण मेपलचा ठसा पाठवू. अंगणातलंच गळलेलं पान घे. वाळून चुरचुरीत झालेलं नको, आजच पडलेलं मऊ बघ. ठसा घेताना पान उलटं ठेव, शिरा त्या बाजूला वर आलेल्या असतात. आणि आजीसाठी पिवळा खडू मीच लपवून ठेवलाय, पिल्लूला सांगू नकोस.

तुझी,
आई