हे खरे आहे काय?

चि. ताई,

तुला ताई म्हणताना अजून जीभ अडखळते. चारचौघांत म्हणेनच, तो रिवाज आहे. पत्रात मात्र ‘तू’ चालवून घे. आमदारकीच्या निकालाच्या दिवशी तुझ्याभोवती इतका गुलाल उधळत होता की मी लांबूनच हात केला. परवा फोनवर तू विचारलंस, “काका, आधी कशाला हात घालू?” मागे दोनशे माणसांचा गलका ऐकू येत होता. त्या गलक्यात उत्तर देणं जमलं नसतं, म्हणून लिहितोय.

सत्तावीस वर्षं मी तीन आमदारांचा पीए होतो. दोन पक्षांचे, तीन स्वभावांचे. तेव्हा माझं बोलणं भाषणाच्या व्यासपीठावरून आलेलं नाही, टपालाच्या टेबलावरून आलंय, हे लक्षात ठेवून वाच.

आधी एक हिशेब. विधानसभेत तुम्ही २८८ जण. ९१व्या घटनादुरुस्तीपासून मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांहून मोठं करता येत नाही. म्हणजे मुख्यमंत्री धरून ४३. त्यातल्या काही खुर्च्या विधान परिषदेच्या सदस्यांकडे जातात. बाकीचे दोनशे पंचेचाळीस आणि वर काही, पाच वर्षं काय करतात? माझ्या पाहण्यात तरी बरेचसे मंत्रिमंडळाच्या विस्ताराची वाट बघतात. विस्तार होणार, पुढच्या महिन्यात होणार, अधिवेशनानंतर होणार. माझे दुसरे साहेब असेच चार वर्षं नवा कोट शिवून बसले होते. तो कोट पुढे त्यांच्या मुलाच्या लग्नात कामी आला.

तेव्हा कारकीर्द म्हणजे मंत्रिपद, हे गणित पहिल्याच आठवड्यात डोक्यातून काढून टाक. मिळालं तर मिळालं.

आता तुझा प्रश्न. आधी कशाला हात घालायचा हे सर्व्हे करणाऱ्या कंपनीला विचारू नकोस. आवक-जावक नोंदवही काढ. पहिल्या तीन महिन्यांत आलेली सगळी पत्रं, चिठ्ठ्या, व्हॉट्सअॅपवरचे फोटो विषयवार मांड. आमच्याकडे एका उन्हाळ्यात ‘डीपी जळाली’, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर जळाला, अशी चाळीसेक पत्रं आली. आम्ही चाळीस फोन केले, चाळीस वेळा अभियंत्याला झापलं, आणि चाळीस माणसं खूश झाल्याच्या समाधानात राहिलो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. चाळीस तक्रारी नव्हत्याच त्या, एकच होती. भार वाढला होता, डीपी जुन्याच क्षमतेच्या होत्या, आणि दुरुस्त करून आलेली डीपी महिनाभरात परत जळत होती. हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली, कारण आम्ही पत्रं निकाली काढत होतो, वाचत नव्हतो.

त्या ढिगातले निम्मे विषय तुझे नसतीलच. गटार, कचरा, गल्लीतला दिवा नगरपंचायतीचा. रेल्वेचा थांबा दिल्लीचा. लोक तुझ्याकडेच येतील, त्यांना परत पाठवू नकोस, योग्य टेबलावर पोचव. पण मनाशी पक्कं असू दे की घटनेच्या सातव्या अनुसूचीने राज्याच्या पदरात काय टाकलंय: पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, पाणी, जमीन, स्थानिक संस्था. शिक्षण १९७६च्या दुरुस्तीने समवर्ती, म्हणजे केंद्र-राज्य दोघांच्या, सूचीत गेलं, तरी झेडपीची शाळा आणि तिथला शिक्षक अजून राज्याच्याच हातात आहे. यातले दोन विषय निवड. तीन नको. आणि निवडलेस की बाकीच्या विषयांवर कॅमेऱ्यासमोर बोलायचा मोह आवर. याचा त्रास पहिल्या वर्षी फार होईल.

तू आरोग्य निवडशील असं मला वाटतं, तुझ्या आईच्या दुखण्यात तू ग्रामीण रुग्णालयाच्या किती खेपा घातल्यास ते मी पाहिलंय. तसं असेल तर पुढचं जरा सावकाश वाच.

आमदाराचं खरं हत्यार निधी नाही, प्रश्न आहे. आणि प्रश्न विचारणं ही लिहिण्याची कला आहे. माझ्या पहिल्या साहेबांनी तारांकित, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा, प्रश्न टाकला होता: तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नाहीत, हे खरे आहे काय? छापील उत्तर आलं: हे खरे नाही. आणि खाली, ‘विलंबाची कारणे काय?’ याच्यापुढे: प्रश्न उद्भवत नाही. साहेब संतापले. पण उत्तर खोटं नव्हतं. सहापैकी एका केंद्रावर डॉक्टर होता, म्हणजे ‘डॉक्टर नाहीत’ हे खरं नव्हतं. विधिमंडळ शाखेतल्या एका म्हाताऱ्या कक्ष अधिकाऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, “पाटील, विशेषण विचारलंत की नकार मिळतो. आकडा विचारा.” पुढच्या अधिवेशनात आम्ही विचारलं: केंद्रनिहाय मंजूर पदे किती, भरलेली किती, प्रत्येक पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे, आणि प्रतिनियुक्तीवर बाहेर पाठवलेले अधिकारी किती. तो प्रश्न सभागृहात पुकारलाच गेला नाही, प्रश्नोत्तराचा तास संपला. पण उत्तर छापायची वेळ आली तेव्हा दोन जागा भरल्या गेल्या होत्या. रिकाम्या जागांची तारखेसह यादी आपल्या सहीने छापून येणं कुणाला आवडत नाही.

त्यात ‘प्रतिनियुक्ती’ हा शब्द कुठून आला? एका नर्सबाईने सांगितला होता. माहितगार माणूस असा कुठेतरी तळाला असतो. त्याचं नाव कधीही ओठांवर येऊ देऊ नकोस. आणि भाषेचं भान ठेव. गाव डीपी म्हणतं, सरकारी कागद रोहित्र म्हणतो. तुला दोन्ही यायला हवं.

प्रश्नाचं उत्तर अर्धवट आलं तर अर्धा तास चर्चा माग. तातडीचं असेल तर नियम १०५ची लक्षवेधी, म्हणजे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना. खात्याच्या खर्चाच्या मागण्यांवर कपात सूचना, म्हणजे रक्कम कमी करा अशी सूचना, दे. ती मंजूर होणार नसतेच, पण तिच्या निमित्ताने खात्याच्या तरतुदीवर बोट ठेवता येतं. मंत्री उभ्या उभ्या ‘तपासून कार्यवाही केली जाईल’ म्हणाले की ते वाक्य तारखेसकट वहीत उतरव. आश्वासन समिती त्यासाठीच आहे, आणि तिच्याकडे फिरकणारे आमदार मी बोटांवर मोजले असतील. महालेखापरीक्षकांचे अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात, जेव्हा सगळ्यांच्या बॅगा भरलेल्या असतात. तू ते गाडीत वाच.

आणखी एक, कडू आहे पण सांगतो. प्रश्न टाकायचा, खात्याचा किंवा ठेकेदाराचा माणूस येऊन भेटला की तो विसरायचा, असाही एक धंदा चालतो. एकदा तुझ्या नावाभोवती हा वास आला की तुझा खरा प्रश्नही भाव ठरवायला टाकलाय असंच समजलं जाईल.

व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, निघाला की मत पक्षाचं. पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीनंतर, म्हणजे १९८५पासून, त्यात फारशी जागा उरलेली नाही, आणि त्यावर रात्र जागवू नकोस. प्रश्न मात्र तुझा असतो.

मंत्री नसताना काय उभं राहतं याचं उदाहरण म्हणून मला नेहमी वि. स. पागे आठवतात. १९६०पासून १९७८पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. हातात खातं नाही, ठेके नाहीत. विषय एकच धरला: दुष्काळी भागातल्या अंगमेहनतीच्या माणसाला मागेल तेव्हा काम. १९६५मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला प्रयोग झाला. १९७२च्या दुष्काळात त्या कल्पनेला राज्यभर अंग आलं, विरोधी बाकांवरच्यांनी मोर्चे काढून ती राबवायला लावली, १९७७मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ला तो लागू झाला. मोज, चौदा वर्षं. मधल्या काळात, १९७५मध्ये, पैशाची सोय म्हणून व्यवसाय कर आला. तुझ्या भावाच्या पगारपत्रकावर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतील, ते मूळ तिथलं. देशाचा रोजगार हमीचा कायदा आला २००५ साली. नवख्या आमदारांना मी हे सांगतो तेव्हा ते पहिलं विचारतात, “पण काका, चौदा वर्षं कुणाकडे आहेत?” गणपतराव देशमुखांकडे होती. १९६२पासून सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले, मधे दोनदा हरले, बहुतेक काळ विरोधात बसले, आणि पाण्याबद्दल बोलत राहिले.

आता निधी. आमदार निधी २०२२पासून वर्षाला पाच कोटी आहे. ऐकायला मोठा वाटतो. गावांच्या संख्येने भागून बघ. इथे चूक माझी, तिसऱ्या साहेबांना सल्ला मीच दिला होता: “प्रत्येक गावाला काहीतरी द्या.” दिलं. सभामंडप, हायमास्ट, पेव्हर ब्लॉक, स्मशानभूमीची शेड. निम्म्या गावांनी ‘एवढंच?’ म्हटलं, निम्म्यांनी ‘शेजारच्यांना जास्त’ म्हटलं, आणि आम्ही निवडणूक हरलो. निधी तुझ्या दोन विषयांच्या मागे लाव. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीला नकाशा घेऊन जा, यादी घेऊन नको.

लग्नं, दहावे, वाढदिवस यांबद्दल काही सांगत नाही. जावं लागतं. फक्त अधिवेशनाच्या दिवसांत मुंबई-नागपूर सोडून कुणाच्याही मांडवात दिसू नकोस.

वि. स. पागे यांच्या नावाचं संसदीय प्रशिक्षण केंद्र विधिमंडळातच आहे, तिथले वर्ग चुकवू नकोस. विधिमंडळाच्या ग्रंथालयात जुनी कार्यवाही आहे, तीही चाळ. माझ्या तीन जाड वह्या रिक्षावाल्या सुनीलच्या हाती पाठवतोय. चहाचे डाग आहेत, अक्षर वाईट आहे, पण आश्वासनं तारखेनुसार लावलेली आहेत आणि त्यातली काही अजून वसूल व्हायची आहेत. पहिला प्रश्न लिहिलास की टाकण्याआधी मला पाठव. ‘हे खरे आहे काय’च्या अलीकडचं वाक्य मला एकदा बघू दे.

तुझा,
काका