एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे शेंगदाणा श्वासनलिकेत नाही असं समजायचं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की पावणेदोन वर्षांच्या बाळाला फुटाणे-शेंगदाणे खाताना जोरात ठसका लागला, ओठ निळसर झाले, मग आपोआप बरं वाटलं, पण आता आठवडाभर खोकतोय आणि एक्स-रे नॉर्मल आहे. प्लीज त्या एक्स-रेवर थांबू नका, आजच परत दाखवा आणि आत गेल्या गेल्या खोकल्याच्या आधी ठसक्याचं सांगा.

मी नाशिकला लहान मुलांच्या ऑपरेशन थिएटरमधे सिस्टर आहे. शेंगदाणा, हरभरा, चिंचोका हे एक्स-रेत दिसतच नाहीत, नाणं पिन बॅटरी दिसते. फारतर एका फुफ्फुसात अडकलेली हवा दिसते, तीही श्वास सोडतानाचा फोटो मिळाला तर, आणि एवढंसं लेकरू सांगून थोडंच श्वास सोडणारे. दाणा आत एका जागी बसला की ठसका थांबतो, मूल खेळायला लागतं आणि घरच्यांना वाटतं निघालं. मग दम्याची औषधं, नेब्युलायझर, त्याच बाजूला परत परत न्यूमोनिया. जास्त करून उजवीकडे जातो कारण ती नळी रुंद आणि सरळ असते. तिथे तो ओला होऊन फुगतो, त्याच्या तेलाने अस्तराला सूज येते. उशिरा आलेल्या केसमधे चिमट्यात धरला की दाणा कुस्करतो, मग तुकडा तुकडा काढत बसावं लागतं, म्हणून इतकं कळकळीने सांगतेय.

उपाय म्हणजे ब्रॉन्कोस्कोपी, पूर्ण भूल देऊन तोंडातून दुर्बीण घालतात, शक्यतो कापाकापी टाके काही नाही. भूल द्यायची म्हणून निघताना काही भरवू नका. मधेच धाप लागली, छाती आत ओढली जायला लागली तर थेट १०८.

पुन्हा कधी घशात अडकलं आणि मूल खोकत असेल तर खोकू द्या, केळं, भाताचा घास, पाणी काही देऊ नका, न दिसता बोट तर अजिबात घालू नका. आवाजच फुटेना तर वाकवून पाठीवर ५ थापट्या, मग मागून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर ५ झटके, आलटून पालटून. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही, छातीच्या मध्यावर ५ दाब. शुद्ध हरपली तर सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं.

दाणे चार-पाच वर्षांपर्यंत कूट करूनच द्या, आणि आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चला घरोघरी द्राक्षांचे क्रेट येतात तेव्हा अख्खं द्राक्ष हातात नको, उभ्या चार फोडी करून द्या.