‘हात उठला’ की ‘हात उचलला’?

प्रश्न : माझा थोरला भाऊ बाहेर सर्वांशी गोडीने वागतो, मात्र लग्नाला नऊ वर्षे झाली तरी तो वहिनीला मारतो. गेल्या महिन्यात वहिनी मुलीला घेऊन माहेरी गेली. आता दादा रडतो, ‘मला राग आवरत नाही, समुपदेशनाला जातो, तिला परत आण’ असे म्हणतो. असा माणूस सुधारतो का? वहिनीला परत बोलवावे का?
— एक भगिनी, सातारा

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. आत्ता बोलावू नका. परतायचे की नाही हे वहिनीने ठरवायचे आहे. दादाने समुपदेशनाला नाव नोंदवले एवढ्यावर तो निर्णय टेकवू नये, कारण मारहाणीनंतरची रडारड आणि माफी पुष्कळ घरांत पुढच्या मारहाणीपर्यंतच टिकते.

दादा बाहेर गोडीने वागतो, हे आपणच लिहिले आहे. साहेबांनी चारचौघांत पाणउतारा केला तरी तो त्यांच्यावर हात टाकत नाही. म्हणजे राग त्याला आवरता येतो, घरात तो आवरण्याची गरज त्याला वाटत नाही, कारण बायकोने आपले ऐकलेच पाहिजे असे त्याने मनाशी धरलेले आहे. म्हणून नुसते राग आवरण्याचे धडे किंवा दारू सोडवणे पुरत नाही.

समुपदेशनाला आलेला पुरुष पहिल्या दिवशी बहुधा म्हणतो, ‘भांडण झाले आणि हात उठला.’ मी विचारते, ‘उठला, की तुम्ही उचललात?’ यावर लगेच बायकोच्या तक्रारी सुरू होतात. एक गृहस्थ कित्येक बैठकांनंतर म्हणाले, ‘मी आधी दाराला आतून कडी लावली, मग मारले.’ कडी लावण्याइतके भान आपल्याला होते, हे त्यांना स्वतःच्या तोंडून ऐकू आले आणि ते पुढे बराच वेळ बोलू शकले नाहीत. खरे काम त्या दिवशी सुरू झाले.

आपल्या कायद्यानेही हे ओळखले आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम 14 नुसार न्यायदंडाधिकारी पतीला समुपदेशनाला पाठवू शकतात आणि 2006 च्या नियमांप्रमाणे तेथे मारहाणीचे समर्थन करण्यास त्याला मुभा नसते. तसे त्याला आधीच बजावावे लागते. मुंबईत ‘मावा’ ही संस्था 1993 पासून पुरुषांबरोबर याच प्रश्नावर काम करते. अमेरिकेतील डुलुथ शहरात 1981 साली असे काम सुरू झाले. त्या धर्तीच्या पुरुषगटांचा परिणाम अभ्यासांत मर्यादितच दिसला आहे आणि मध्येच सोडून जाणारेही पुष्कळ असतात. काही पुरुष बदलतात, पण त्याला वेळ लागतो आणि हमी कोणीच देऊ शकत नाही.

दोघांना एकत्र समोर बसवण्याचा आग्रह तर मुळीच धरू नका. रात्री ज्याच्याबरोबर घरी जायचे, त्याच्यासमोर ती खरे कसे बोलेल? दादा मुलीचा खर्च न मागता पाठवतो का, वहिनीचा नकार निमूट ऐकतो का, घडलेले सांगताना ‘पण तीसुद्धा’ म्हणणे थांबले का, हे पाहत राहा. वहिनीला याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांची आणि 181 या महिला हेल्पलाइनची माहिती द्या. दादाचा निरोप घेऊन तिच्याकडे जाऊ नका. जाल तेव्हा मुलीचे दप्तर आणि वहिनीची कागदपत्रे तेवढी घेऊन जा.