प्लॉट, पट्टा आणि आरक्षण: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सोलापूरच्या शेळगी भागात ३० बाय ४०चा प्लॉट पाहिला आहे. एजंट म्हणतो, ‘पिवळा पट्टा आहे, एनए (बिगरशेती) झालंय, काळजी करू नका.’ सातबाराही दाखवला. इसार देण्याआधी आणखी काय पाहावं?

उत्तर: इसार थांबवा आणि आधी तीन कागद हातात घ्या: झोन दाखला (जमीन कोणत्या पट्ट्यात येते त्याचा), भाग नकाशा (शहर आराखड्याच्या नकाशाचा त्या जमिनीपुरता उतारा) आणि मंजूर ले-आउट (प्लॉट पाडल्याचा नकाशा). सातबाऱ्यावर मालक, क्षेत्र आणि बोजा कळतो, पण विकास योजनेत (डीपी, म्हणजे शहराचा जमीनवापराचा आराखडा) त्या जमिनीचं काय ठरलंय ते कळत नाही. पिवळा रंग रहिवासाचा आणि हिरवा शेतीचा, हे खरं. पण हद्दवाढ भागात एकाच गटाचा अर्धा तुकडा पिवळा, अर्धा हिरवा असू शकतो, आणि मधूनच डीपी रस्ता गेलेला असू शकतो. एनए आदेशाने तो रस्ता पुसला जात नाही. म्हणून गट नंबर देऊन महापालिकेच्या नगररचना विभागातून दाखला आणि भाग नकाशा स्वतः काढा. एजंटच्या झेरॉक्सवर विसंबू नका. मग भूमी अभिलेखच्या मोजणी नकाशावरून तुमचा प्लॉट भाग नकाशावर आर्किटेक्टकडून बसवून घ्या.

इतका खटाटोप का, ते हिशोबात बघा. ३० बाय ४० फूट म्हणजे साधारण ९.१ बाय १२.२ मीटर. डीपी रस्त्यात समोरून ३ मीटर गेले, तर प्लॉटची खोली ९.२ मीटर उरते. समोरची मोकळी जागा नव्या रस्तारेषेपासून मोजतात, जुन्या कुंपणापासून नाही. शिवाय मागची जागा सोडायचीच. पैसे मात्र तुम्ही पूर्ण १,२०० चौरस फुटांचे मोजलेले असतात.

ले-आउटवरचा शिक्का नीट वाचा. लोक सर्वांत जास्त फसतात ते इथेच. तात्पुरती मंजुरी आणि अंतिम मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तात्पुरत्या मंजुरीनंतर प्रत्यक्ष मोजणी होते, रस्ते आणि खुली जागा जागेवर आखली जाते, आणि मगच अंतिम नकाशा मंजूर होतो. मोजणीत प्लॉटचं क्षेत्र बदलू शकतं, म्हणून खरेदीखतात अंतिम नकाशातलाच प्लॉट नंबर आणि क्षेत्र आलं पाहिजे. २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे अंतर्गत रस्ता साधारणपणे किमान ९ मीटर लागतो, आणि ४,००० चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या जमिनीत १० टक्के खुली जागा. जागेवर टेप लावून रस्ता मोजाच. नकाशातल्या खुल्या जागेवर प्लॉटचे दगड रोवलेले दिसले, तर तो व्यवहार सोडून द्या. जमीन ५०० चौ.मी.पेक्षा मोठी असेल, तर महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांकही मागा.

‘नंतर गुंठेवारीत (मंजुरीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट नियमित करण्याची सवलत) करून घेऊ’ या शब्दावर तर अजिबात जाऊ नका. २०२१च्या दुरुस्तीने ती सवलत ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या प्लॉटपुरती वाढवली. त्यानंतर पाडलेल्या तुकड्याला तिचा आधार नाही.

प्रश्न: आमच्या वडिलोपार्जित जागेवर बागेचं आरक्षण आहे. महापालिका ना जागा घेते, ना बांधू देते. मार्ग काय?

उत्तर: महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६चं कलम १२७ वाचा. अंतिम विकास योजना अमलात येऊन १० वर्षं झाली आणि जागा घेतली गेली नाही, तर मालकाने महापालिकेला खरेदी सूचना (जागा ताब्यात घ्या, अशी लेखी नोटीस) द्यायची. सूचना पोचल्यापासून २४ महिन्यांत संपादन किंवा त्याची प्रत्यक्ष कार्यवाही सुरू झाली नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं, आणि शेजारच्या जमिनीला जो वापर चालतो तो तुम्हालाही मिळतो. सभेचा नुसता ठराव म्हणजे कार्यवाही नव्हे.

सूचना फसते ती बहुधा कागदांपायी. मालकीचे पुरावे सोबत जोडलेच पाहिजेत. वारसनोंद राहिली असेल, तर आधी ती करून घ्या आणि सर्व वारसांच्या सह्या घ्या. सूचना आवकमध्ये देऊन तारखेसह पोच घ्या, कारण २४ महिने तिथूनच मोजले जातात.

आणि उशीर करू नका. सुधारित विकास योजना मंजूर होण्याआधी सूचना दिली नसेल आणि आरक्षण नव्या योजनेतही कायम राहिलं, तर १० वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. प्रारूप (कच्ची) योजना प्रसिद्ध झाल्यावर हरकतीला ३० दिवस मिळतात. तेव्हा गट नंबर आणि भाग नकाशा जोडून लेखी हरकत नोंदवाच.