मोरोक्कोच्या दातांवरच्या चिठ्ठ्या कितपत खऱ्या?

तुमच्या काकांनी मोरोक्कोतल्या एरफूदहून आणलेल्या पाचही डायनोसॉर-दातांचे आणि दुकानदाराने त्यांना लावलेल्या नावांच्या चिठ्ठ्यांचे फोटो मोठे करून पाहिले. चिठ्ठ्या खऱ्या का, असं विचारलंत, म्हणून एकेक दात घेतो. ठिकाण कळवलंत हे फार बरं केलंत, निम्मी ओळख तिथेच पटते. त्या भागात विकले जाणारे डायनोसॉरचे दात बहुतेक केम केमच्या थरांतले, म्हणजे सुमारे १० ते ९.५ कोटी वर्षांपूर्वीच्या नदीगाळातले असतात.

पहिला लांब, शंकूसारखा. छेद जवळजवळ गोल, अंगावर उभ्या रेघा, कडा आहेत पण त्यांना दातेरे नाहीत. हा स्पायनोसॉर या लांब जबड्याच्या मांसाहारी डायनोसॉरांच्या कुळातला, यात मला शंका नाही. तरी चिठ्ठीवरचं ‘स्पायनोसॉरस’ मी लिहिणार नाही. केम केममध्ये या कुळातला एकच प्राणी होता की दोन, यावर अभ्यासकांत वाद आहे आणि एका सुट्या दाताने तो सुटत नाही. ‘स्पायनोसॉरिडी, प्रजाती अनिश्चित’ एवढंच लिहा. असे दात तिथे विपुल मिळतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नदीगाळात मिळालेल्या बाराशेहून अधिक दातांत आणि तुकड्यांत जवळपास ४५ टक्के याच प्रकारचे निघाले.

दुसरा चपटा, पात्यासारखा, दोन्ही कडा बारीक दातेरी आणि कडेजवळ एनॅमलवर वळ्या. ‘कार्कारोडोन्टोसॉरस’ ही चिठ्ठी मला पटते. निदान कुळ तरी तेच.

खरी अडचण तिसऱ्या आणि चौथ्याची. ‘डेल्टाड्रोमियस’ असं लिहिलेला तिसरा दात सरळ ‘थेरोपॉड (दोन पायांवर चालणारे, बहुतेक मांसाहारी डायनोसॉर), अनिश्चित’ म्हणून ठेवा. १९९६ साली हा प्राणी ज्या सांगाड्यावरून नोंदला गेला त्याला कवटीच नव्हती, मग त्याचे दात कसे होते हे दुकानदाराला कुठून कळणार? ‘रॅप्टर’ असं लिहिलेल्या चौथ्याचीही तीच गत. त्याची पुढची कड चांगली वळलेली, मागची जवळपास सरळ आणि दातेरे दोन्हीकडे सारखेच दिसतात. माझ्या मते हा अबेलिसॉर, म्हणजे गुजरातमधल्या राहिओलीतून २००३ साली जगासमोर आलेल्या आपल्या राजासॉरस या मांसाहारी डायनोसॉरच्या कुळातला. मात्र भिंगाखाली दोन्ही कडांवर पाच मिलिमीटरमध्ये किती दातेरे येतात ते मोजा. पुढचे मागच्यापेक्षा बरेच बारीक निघाले तर पुन्हा विचार करू.

पाचवा, सगळ्यांत मोठा आणि अख्ख्या मुळासकट असलेला, मला खटकतो. डायनोसॉरचे दात आयुष्यभर पडत आणि नवे येत. पडण्याआधी मूळ विरघळून जाई, म्हणून सुटे दात बहुधा बिनमुळाचे सापडतात. मूळ असणं अशक्य नाही, जबड्यातून निखळलेल्या दाताला ते असतं. पण तुमच्या फोटोत मुकुट (दाताचा एनॅमलवाला वरचा भाग) आणि मूळ यांच्या सांध्यावर वाळूचा एकसारखा पट्टा आहे आणि एनॅमलच्या रेघा तिथे अचानक तुटतात. बाजारात दोन वेगळे तुकडे वाळू-गोंदाने जोडून विकतात. अंधारात अतिनील टॉर्च मारून पाहा, गोंद भरलेली जागा बहुधा वेगळी चमकते. ऍसिटोन मात्र घरी लावू नका. जुन्या भेगा गोंदानेच धरलेल्या असल्या तर खरा मुकुटही सुटेल.

जुन्या चिठ्ठ्या चुकीच्या असल्या तरी फेकू नका. त्यांच्यामागे एरफूद आणि खरेदीचं वर्ष लिहा, नवी ओळख वेगळ्या कागदावर ठेवा. आणि चौथ्या दाताचे, समोरून व बुडाकडून, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो टाका. बुडाची लांबी-जाडी कळली की अबेलिसॉरबद्दल मला ठामपणे बोलता येईल.