डाग इथे, पाणी भलतीकडून

प्रश्न : डोंबिवलीत नवा फ्लॅट, पहिलाच पावसाळा. बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला खिडकीखाली ओल आलीय. बिल्डर म्हणतो नवं प्लास्टर आहे, वाळेल. खरं का?

उत्तर : अर्धं खरं. नव्या भिंतीत क्युरिंगचं (सिमेंट पक्कं व्हायला मारलेलं) पाणी मुरलेलं असतं, वाळायला महिने लागतात, पण ती ओल साधारण भिंतभर सारखी असते आणि कमीच होत जाते. तुम्ही एक करा, डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, बाजूला तारीख लिहा. झड आली की डाग रेघ ओलांडतो आणि चार दिवस उघडीप मिळाली की मागे सरकतो, असं असेल तर पाणी बाहेरूनच येतंय. आपल्याकडे झड नैऋत्येची, म्हणून पश्चिम-दक्षिणेच्या भिंती आधी रडतात.

खिडकीखाली डाग म्हणजे माझा पहिला संशय खिडकीवरच. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, ती कामगार सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजवून जातात (हे मी इतक्यांदा बघितलंय की आता रागही येत नाही). ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता, बाहेर गेलं पाहिजे. मग सिलच्या, म्हणजे खिडकीखालच्या, दगडाचा उतार बघा, आत असेल तर संपलंच.

प्रश्न : थर्मल कॅमेरावाला बोलवू का? भिंतीतलं पाणी दिसतं म्हणे.

उत्तर : पाणी नाही दिसत हो, तापमानातला फरक दिसतो. ओली जागा थंड असते म्हणून उठून दिसते, पण एसीचा झोत लागलेली भिंत पण तशीच दिसते. सोबत मॉइश्चर मीटर हवाच, आणि भिंतीला खार फुटला असेल तर पिनवाला मीटर उगाच जास्त आकडा दाखवतो हेही ध्यानात ठेवा.

मी आधी पाइप लावतो. कोरड्या दिवशी, बाहेरून, खालून सुरुवात. एका पट्ट्यावर १०-१५ मिनिटं पाणी, आत एक माणूस बघत उभा, काही नाही आलं तर वरचा पट्टा, मग खिडकीची कड, मग छज्जा, मग बीम आणि विटांच्या सांध्यातली भेग. वरून मारलंत तर ओघळ सगळीकडून उतरणार आणि आत शिरलं कुठून ते कळायचंच नाही.

प्रश्न : कपाटामागे बुरशी आहे, बाकी भिंत ठीक.

उत्तर : त्या भिंतीवर दीड फूट प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा, दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला दव आलं तर हवेतला दमटपणा, कपाट चार बोटं पुढे ओढा. भिंतीकडच्या बाजूला आलं तर भिंतीतच ओल आहे.

प्रश्न : बिल्डर म्हणतो आता पझेशन दिलं, विषय संपला.

उत्तर : नाही संपला. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे पझेशनपासून ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला तर ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. फोनवर नको, लेखी कळवा, रेघा-तारखांचे फोटो जोडा, आणि तोवर भिंतीला पुट्टी लावू देऊ नका.